गरम झाल्यावर डिझेल गाडी परत चालू होत नाही? पार्ट बदलण्याआधी हे क्रमाने तपासा

सकाळी थंड इंजिनला सेल्फ मारला की गाडी लगेच उचलते, पळताना ना मिसिंग ना काळा धूर, पण तासभर चालवून कुठंतरी दहा-पंधरा मिनिटं थांबलं आणि परत किल्ली फिरवली की इंजिन नुसतं फिरत राहतं, पकडतच नाही. मग बॉनेट उघडून अर्धा-पाऊण तास थांबायचं, इंजिन निवलं की काही झालंच नव्हतं अशी चालू. या त्रासात सगळ्यात वाईट भाग म्हणजे गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी थंड झालेली असते, मेकॅनिकसमोर पहिल्या सेल्फला उचलते, आणि मग अंदाजाने एकेक पार्ट बदलणं सुरू होतं. माझ्या गाडीला आधी बॅटरी बदलली, मग डिझेल फिल्टर, मग पंप काढून द्या म्हणाले, आणि शेवटी निघालं काय ते पुढे सांगतो. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, की हा फॉल्ट गाडी गरम असताना आणि बंद पडलेली असतानाच पकडायचा. थंड गाडीवर केलेली तपासणी इथे जवळजवळ वाया जाते.

आधी उष्णतेने नक्की काय बिघडतं ते समजून घेऊ, कारण पुढचा सगळा क्रम त्यावरच आहे.

गरम झाल्यावर दोन प्रकारच्या गोष्टी बदलतात. एक, डिझेल पातळ होतं. ४० अंशाला डिझेलची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) साधारण २ ते ४.५ सेंटीस्टोक असते, आणि ८०-९० अंशाला ती निम्म्याच्या आसपास येते. पंप किंवा इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा नोझल) आतून झिजला असेल तर थंड घट्ट डिझेल त्या फटीतून फारसं निसटत नाही, पण पातळ झालेलं डिझेल सरळ रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या पाइपात, निघून जातं आणि प्रेशर बनतच नाही. दोन, तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला जवळपास ०.४ टक्के, म्हणजे ७० अंशांनी तापलं तर पाव हिश्शाहून जास्त. त्यामुळे स्टार्टर मोटर, सेन्सरची कॉइल, रिले, सोलेनॉइड असल्या वस्तू गरम झाल्यावर मान टाकतात, आणि आत केसाएवढी चीर असेल तर ती प्रसरणाने उघडते व सर्किट तुटतं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. इंजिन बंद केल्यावर ते लगेच थंड व्हायला लागत नाही. कुलंटचं फिरणं थांबतं, हवा थांबते, आणि ब्लॉकमधली उष्णता बाहेर झिरपून बॉनेटखालच्या वस्तू पहिली दहा-वीस मिनिटं उलट जास्त तापतात. म्हणून बंद करून लगेच सेल्फ मारला तर चालू होते पण चहा पिऊन आल्यावर होत नाही, ही तक्रार अगदी खरी असते, ड्रायव्हरचा भ्रम नसतो.

हात घालण्याआधी

कॉमन रेल गाडी असेल (म्हणजे पंप डिझेल दाबून रेल नावाच्या एका सामाईक नळीत भरतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरना जातं) तर सेल्फ मारताना किंवा इंजिन चालू असताना हाय प्रेशरचे लोखंडी पाइप कधीही सैल करायचे नाहीत. जुन्या गाड्यांत नोझलचे नट ढिले करून हवा काढायची सवय असते, ती इथे अजिबात नको. या पाइपांत सेल्फवरच २००-३०० बार असतात आणि चालत्या गाडीत १६०० बारच्या पुढे जातात, एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं पण बोट गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर घरी चोळत बसू नका, तडक हॉस्पिटल. गळती शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा. इंजेक्टरच्या वायरीत सेल्फ मारताना खूप जास्त व्होल्टेज असतं, ती चालू स्थितीत टोचून बघायची नाही. रेडिएटरचा फॅन किल्ली बंद असतानाही अचानक फिरू शकतो. आणि एअर इनटेकमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारून बघू नका, हीटर प्लगवाल्या इंजिनात तो वेळेआधी पेटतो, त्यात पिस्टन आणि रिंगा फुटलेल्या आहेत.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, मधे मिनिटभर विश्रांती द्या, नाहीतर फॉल्ट शोधता शोधता स्टार्टर जळेल आणि एकाचे दोन फॉल्ट होतील.

पहिला प्रश्न: इंजिन फिरतंय कसं?

गरम इंजिनात ऑइल पातळ असतं, त्यामुळे ते थंडपेक्षा मोकळं आणि जास्त वेगाने फिरायला पाहिजे. उलट गरम झाल्यावर सेल्फचा आवाज जड, ओढल्यासारखा येत असेल किंवा नुसता टक असा आवाज येऊन थांबत असेल, तर डिझेल सिस्टीमकडे बघूच नका, आधी स्टार्टरची बाजू. चांगलं डिझेल इंजिन सेल्फवर साधारण २०० ते २५० आरपीएम फिरतं, १५० च्या खाली आलं की बरीच इंजिनं पकडत नाहीत, कारण दाबलेली हवा पुरेशी तापत नाही आणि पंपही सावकाश फिरतो.

मल्टिमीटर घ्या. सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये, १० च्या वर राहिलं तर छानच. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरं इंजिन ब्लॉकच्या चकचकीत उघड्या भागावर ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. इथे ०.२-०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगची केबल खराब. तसंच पॉझिटिव्ह टर्मिनल ते स्टार्टरचा मोठा बोल्ट, ०.५ च्या वर गेलं तर त्या केबलमध्ये किंवा जोडात दोष. केबल ठीक, बॅटरी ठीक आणि तरी गरमात जड फिरतोय, मग स्टार्टर काढून बुश, कार्बन ब्रश आणि आर्मेचर तपासायला द्या. बऱ्याच इंजिनांत स्टार्टर एक्झॉस्टच्या शेजारीच बसवलेला असतो, तिथलं उष्णतेचं पत्र्याचं कव्हर मागच्या कामात काढून परत बसवलंच नाही असंही होतं, तेवढं डोळ्यांनी बघून घ्या.

धक्का दिला किंवा उतारावर सोडली की चालू होते पण सेल्फवर नाही, हाही या बाजूचाच इशारा आहे. मात्र त्यावरून लगेच स्टार्टरवर शिक्का मारू नका, कारण जास्त वेगाने फिरल्यावर झिजलेला पंपसुद्धा प्रेशर बनवून जातो.

दुसरा प्रश्न: धूर येतोय का?

ही तपासणी फुकटची आहे आणि माझ्या मते सगळ्यात कमी वापरली जाते. एक जण सेल्फ मारेल, दुसऱ्याने सायलेन्सरपाशी उभं राहायचं. इंजिन जोरात फिरतंय आणि मागून पांढरा-राखाडी धूर येतोय, म्हणजे डिझेल सिलिंडरमध्ये पडतंय पण पेटत नाहीये. धुराचा मागमूस नाही, डिझेलचा वासही नाही, म्हणजे डिझेल पडतच नाहीये, एकतर प्रेशर नाही किंवा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही. गरम होऊन बंद पडणाऱ्या गाड्यांत हा दुसरा प्रकार जास्त.

धूर येत असेल तर कॉम्प्रेशन आणि टायमिंगकडे जा. शुद्ध कॉम्प्रेशनचा दोष तसा थंडीत जास्त छळतो, गरमात नाही. पण एक मधली अवस्था आहे. पूर्ण थंड इंजिनाला हीटर प्लग मदत करतात म्हणून चालू होतं, कोमट इंजिनाला ईसीयू प्रीहीट देतच नाही आणि कॉम्प्रेशन कमी असलेलं इंजिन तिथे अडकतं. एरवी पूर्ण गरम गाडी चालू होत नाही म्हणून हीटर प्लगचा सेट बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

तिसरा: स्कॅनरवर दोनच आकडे बघा

साधा ब्लूटूथवाला ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचा) आणि मोबाइल असला तरी सुरुवातीला पुरतो, फक्त त्यावर तुमच्या गाडीचं रेल प्रेशर दिसायला हवं. फॉल्ट कोड नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नका, सेल्फच्या वेळी प्रेशर कमी राहिलं तर बऱ्याच गाड्या कोड टाकतच नाहीत. लाइव्ह डेटामध्ये इंजिन आरपीएम आणि रेल प्रेशर हे दोनच लावा आणि गाडी गरम, बंद पडलेल्या अवस्थेत असताना सेल्फ मारा.

आरपीएम शून्यच दाखवतोय आणि इंजिन मात्र डोळ्यासमोर फिरतंय? क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टचं फिरणं मोजणारा) किंवा त्याची वायर. ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग तो डिझेल कशाला देईल. कोड आलाच तर बहुधा पी०३३५ येतो, कॅम सेन्सरचा (कॅमशाफ्टची जागा सांगणारा) पी०३४०. असा सेन्सर कधी कधी चालती गाडीसुद्धा धप्पकन बंद करतो आणि निवल्यावर परत चालू, त्यामुळे असं कधी झालं होतं का ते ड्रायव्हरला नक्की विचारा. खात्री करायची पद्धत सोपी आहे. बंद पडलेल्या गरम गाडीत फक्त त्या सेन्सरवर ओलं फडकं पाच मिनिटं धरा, बाकी कशालाही पाणी लागू देऊ नका, आणि परत सेल्फ मारा. आरपीएम दिसायला लागला आणि गाडी उचलली तर चोर सापडला. दोन वायरींचा सेन्सर असेल तर काढून मल्टिमीटरवर रेझिस्टन्स बघता येतो, बऱ्याचदा काहीशे ते दीडेक हजार ओहम, आणि हेअर ड्रायरने तापवल्यावर सर्किट ओपन झालं तर तो मेलेलाच आहे. तीन वायरींचा हॉल सेन्सर असेल तर रेझिस्टन्सवरून काही कळत नाही, तिथे ओलं फडकं आणि स्कॅनरच. सेन्सरच्या टोकाला लोखंडी चुरा चिकटलाय का आणि वायर एक्झॉस्टला टेकून कडक झालीय का हेही बघा.

आरपीएम दिसतोय, २०० च्या वर आहे, पण रेल प्रेशर ५०-१०० बारवरच घुटमळतंय? मग हा प्रेशरचा फॉल्ट, आणि खरं सांगायचं तर जास्त चाललेल्या कॉमन रेल गाडीत मला हाच सगळ्यात जास्त दिसलाय. बहुतेक सिस्टीममध्ये रेलमध्ये १५० ते २५० बार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. एकदा इंजिन चालू झालं की आयडलला ते ८०० च्या आसपास फिरतं, म्हणजे सेल्फच्या तिप्पट-चौपट, पंप भरपूर डिझेल ढकलतो आणि गळती भरून निघते, म्हणून पळताना काहीच लक्षण दिसत नाही. सेल्फवर मात्र उघडं पडतं.

आरपीएम आणि प्रेशर दोन्ही बरोबर, तरी धूर नाही, मग इंजेक्टरला सिग्नलच मिळत नाहीये. कॅम सेन्सर, इमोबिलायझरचा दिवा, ईसीयूचा मेन रिले. रिले तापून सोल्डर सुटणं हा जुना रोग आहे, शेजारचा तसाच रिले अदलाबदल करून बघा.

रेल प्रेशर बनत नाही, मग गळती कुठे?

पहिल्यांदा सेन्सर खरं बोलतोय का ते बघा. गाडी बंद करून थोडा वेळ थांबा, किल्ली ऑन, इंजिन बंद, प्रेशर शून्याजवळ दिसायला हवं आणि सिग्नलच्या वायरला सहसा ०.५ व्होल्टच्या आसपास. रात्रभर उभ्या गाडीत ५० बार दाखवत असेल तर सेन्सरच चुकीचा, मग त्याचे पुढचे आकडेही खोटे.

नंतर लो प्रेशरची बाजू, कारण ती स्वस्त आहे. फिल्टर कधी बदललाय, खाली पाणी साचलंय का, टाकीतला पंप असेल तर किल्ली ऑन केल्यावर त्याचा गुणगुण आवाज गरम असतानाही येतो का. फिल्टर ते पंप या भागात डिझेलला चालेल असा पारदर्शक पाइप लावला की हवेचे बुडबुडे डोळ्यांना दिसतात. हवा घेणारी गाडी सहसा सकाळी जास्त त्रास देते, कारण रात्रभरात डिझेल मागे उतरतं. सकाळी एकदम छान आणि फक्त गरमात बंद, असं असेल तर हवेवर जास्त वेळ घालवू नका. टाकीत डिझेल कमी असताना त्रास वाढतो का हे मात्र विचारा, कारण रिटर्नचं गरम डिझेल टाकीत परत येतं आणि थोडं डिझेल लवकर तापतं.

आता मुख्य तपासणी, इंजेक्टरची रिटर्न टेस्ट. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर रिटर्नचा बारीक पाइप असतो. ते चारही काढायचे, प्रत्येक इंजेक्टरला सारख्या लांबीचा पारदर्शक पाइप लावून एकसारख्या चार बाटल्यांत सोडायचा, आणि इंजेक्टरवरून काढलेल्या मूळ रिटर्न पाइपाची उघडी तोंडं व्यवस्थित बंद करायची, नाहीतर पंपाच्या रिटर्नचं डिझेल तिथून गरम इंजिनावर सांडेल. गाडी चालू होत असेल तर गरम करून दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवा, मग थोडा वेळ रेस वाढवून ठेवा. चालू होत नसेल तर दहा सेकंदांचा सेल्फ, तीन वेळा. मग बाटल्या शेजारी शेजारी ठेवून पातळी बघा. किती मिलिलिटर चालतं हे गाडीगणिक बदलतं, पण चारांची आपसांतली तुलना कुठेही चालते, एक इंजेक्टर बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट देत असेल तर तो गेलाय. माझ्या गाडीत आयडलला तीन मिनिटांनी तीन बाटल्यांत जेमतेम बोटभर डिझेल होतं आणि तिसऱ्या इंजेक्टरची बाटली गळ्यापर्यंत आली होती, पाइपातून थेंब नाही, सरळ धार. हाच प्रयोग मी सकाळी थंडीत केला होता तेव्हा चारही बाटल्या जवळपास सारख्या वाटल्या, आणि तिथेच मी इंजेक्टरला क्लीन चिट देऊन मोकळा झालो होतो. पंप काढायला दिला असता तर तो ठीकच निघाला असता आणि गाडी तिथल्या तिथेच.

एक सावधगिरी, पिझो इंजेक्टर (कॉइलऐवजी पिझो क्रिस्टलवर उघडणारे) असतील तर ही टेस्ट अशी करू नका. त्यांच्या रिटर्नला मुद्दाम सुमारे १० बार दाब राखलेला असतो, रिटर्न उघडा केला तर ते काम करत नाहीत, त्यासाठी वेगळा किट लागतो.

चारही बाटल्या सारख्या आणि कमी भरल्या तर इंजेक्टर सोडा आणि रेलवरच्या प्रेशर रेग्युलेटरकडे किंवा लिमिटर व्हॉल्वकडे या. त्याचा रिटर्न पाइप काढून सेल्फ मारताना तिथून धार येतेय का बघा, यायला नको. कधी कधी फक्त ओ-रिंग कडक झालेली असते. तोही ठीक, तर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व (पंपात किती डिझेल शिरायचं ते ठरवणारा) काढून बघा, अडकतोय का, आणि त्यात चकाकणारा धातूचा चुरा आहे का. चुरा दिसला तर थांबा. पंप आतून खातोय, आणि नुसता पंप बदलून भागत नाही, रेल, पाइप, इंजेक्टर, टाकी सगळं साफ करावं लागतं, नाहीतर नवा पंपही त्याच मार्गाने जातो. चुरा नाही, व्हॉल्व मोकळा, गळती कुठेच नाही, तरी प्रेशर नाही, तेव्हाच पंप कमजोर म्हणा.

जुनी रोटरी पंपाची गाडी असेल तर

इथे रेलच नाही, त्यामुळे काम सोपं. किल्ली ऑन केल्यावर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडचा (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व) टक आवाज गरम असताना येतो का ऐका, आवाज नसेल तर त्याला बॅटरीवरून सरळ १२ व्होल्ट देऊन बघा. आवाज येतोय पण गाडी उचलत नाही, मग पंपावर थंड पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा, दहा मिनिटांनी सेल्फ मारा. उचलली तर पंपाचा हेड-रोटर (आतला डिझेल दाबणारा भाग) झिजलाय, आतलं डिझेल गार होऊन घट्ट झालं म्हणून चाललं. बादलीने पाणी ओतू नका, तापलेलं कास्टिंग तडकतं.

तापमान सेन्सर

काही इंजिनांत कुलंट सेन्सर खोटं तापमान सांगतो आणि ईसीयू सेल्फला डिझेल कमी सोडतो. तपासणीसाठी रात्रभर उभ्या गाडीत सकाळी किल्ली ऑन करून कुलंट, डिझेल आणि आत येणारी हवा यांची तापमानं वाचा, तिन्हींमध्ये दोन-चार अंशांचाच फरक हवा. बंद पडलेल्या गरम गाडीत कुलंट सेन्सरचं कनेक्टर काढून सेल्फ मारला तर ईसीयू ठरावीक किंमत धरतो आणि कधी कधी गाडी लगेच उचलते. पण इथे एक फसगत आहे, डिझेलचं प्रमाण वाढल्यामुळे कमजोर स्टार्टरवालं इंजिनही चालू होऊ शकतं, त्यामुळे कनेक्टर काढून गाडी चालवत राहणं हा इलाज नव्हे, आधीच्या तपासण्या पूर्ण करा.

इंजेक्टर बदलताना

खालचा कॉपर वॉशर प्रत्येक वेळी नवा, जुना उलटा करून बसवायचा नाही. बसण्याची जागा कार्बन खरवडून स्वच्छ, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, आणि इंजेक्टरच्या डोक्यावरचा कॅलिब्रेशन कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये भरायचा, हे विसरलं तर गाडी आयडलला थरथरते आणि लोक नव्या इंजेक्टरला दोष देतात. पाइप उघडे केल्याबरोबर तोंडं स्वच्छ टोपणांनी बंद करा, फडक्याचा एक धागाही नव्या इंजेक्टरला पुरतो.

काम झाल्यावर गाडी लगेच ताब्यात घेऊ नका. अर्धा-पाऊण तास चालवून पूर्ण गरम करा, बंद करा, आणि एका मिनिटाने, दहा मिनिटांनी, वीस मिनिटांनी, चाळीस मिनिटांनी असा चार वेळा सेल्फ मारा. प्रत्येक वेळी चालू झाली की फक्त काही सेकंद ठेवून परत बंद करा, नाहीतर पंप फिरून गार डिझेल येतं आणि पुढचं रीडिंग बिघडतं. स्कॅनरवर सेल्फच्या वेळचं रेल प्रेशर लिहून ठेवा. वीस मिनिटांचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, माझ्या गाडीत तो इंजेक्टर बदलण्याआधी ९० बार होता आणि नंतर एका सेकंदात २८० वर गेला.